कॅप्सूलने मन सावरते का?



गेल्या काही महिन्यांत दोघातिघा हितचिंतकांनी विचारले, "वसतिगृहातल्या मुलांसाठी माशाच्या तेलाच्या कॅप्सूल पाठवू का? त्याने बुद्धी तल्लख होते, मानसिक आजारही टळतो म्हणे." विचारण्यामागे प्रेम आहे, म्हणून उत्तर नीट द्यायला हवे.

सायकोसिस या अवस्थेत माणसाचे वास्तवाचे भान सुटते. कोणी बोलत नसताना आवाज ऐकू येतात, लोक आपल्या वाईटावर आहेत असे ठाम वाटते. बहुधा ऐन तारुण्यात याची सुरुवात होते. त्याआधी काही खुणा दिसू शकतात. अभ्यासात लक्ष लागत नाही, वाचलेले आठवत नाही, झोप उडते, मूल मित्रांना टाळू लागते, संशयी होते. अशा मुलांना धोका जास्त असतो. तरी त्यांतील बहुतेकांना पुढे सायकोसिस होत नाही.

माशाच्या तेलातील ओमेगा-३ हा मेंदूच्या पेशींच्या आवरणाचा एक घटक आहे. म्हणून व्हिएन्नात धोका असलेल्या ८१ तरुणांवर एक अभ्यास झाला. अर्ध्यांना १२ आठवडे ओमेगा-३ दिले, अर्ध्यांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या कॅप्सूल. वर्षअखेर ओमेगा-३ घेणाऱ्या ४१ पैकी २ जणांना सायकोसिस झाला, दुसऱ्या गटात ४० पैकी ११ जणांना. २०१० साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि आशा वाढली.

पण गट लहान होता. पुढे ऑस्ट्रेलिया, आशिया व युरोपातील १० केंद्रांत ३०४ जणांवर पुन्हा तपासणी झाली. २०१७ मध्ये निकाल आला: दोन्ही गटांत वर्षभरात सुमारे ११ टक्के, म्हणजे फरक नाही. मात्र दोन्ही गटांतील अनेकांची तब्येत आणि रोजचे वागणे सुधारले. या सर्वांना नियमित समुपदेशन मिळत होते. सुधारणेमागे तेही एक कारण असू शकते, असे संशोधकांना वाटते.

म्हणून कॅप्सूलच्या भरवशावर राहू नये. रक्त कमी असेल तर मुलाचे लक्ष लागत नाही. तिथे तपासणी करून लोहाच्या गोळ्या द्याव्यातच. पण ती कमतरतेवरची भरपाई झाली, सायकोसिसवरचा उपाय नव्हे.

आपल्या पाड्यावर एखादे मूल असे बदललेले दिसले तर त्याला वेडा म्हणू नका, बाहेरची बाधा समजून दिवस घालवू नका. जवळ बसा, ऐकून घ्या, गांजा-दारूपासून दूर ठेवा आणि जिल्हा रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. प्रार्थना जरूर करा, पण डॉक्टरकडे जाणे त्यासाठी लांबवू नका.

आणि मदत पाठवायचीच असेल, तर कॅप्सूलऐवजी मुलाच्या व पालकाच्या रुग्णालयापर्यंतच्या एसटी भाड्याची सोय करा. त्या मुलाला याचा उपयोग अधिक होईल.