रिठा, राख आणि चिंच : घरगुती स्वच्छतेची स्वस्त साधने

खेड्यातील संसारात साबण, धुण्याची पावडर आणि भांडी घासण्याच्या वड्या यांवर दरमहा होणारा खर्च वेगळा मोजला जात नाही. किराणाच्या यादीत तो लपून राहतो. वास्तविक यांपैकी बराच भाग बांधावर, चुलीत व माळ्यावरील चिंचेच्या गोळ्यात फुकट मिळण्यासारखा आहे. मात्र कोणता पदार्थ कशासाठी वापरावा हे ठाऊक नसेल तर बचतीपेक्षा नुकसानच अधिक व्हावयाचे.

मळ मुख्यतः तीन प्रकारचा असतो : तेलकट, क्षाराचा आणि धातूवर चढलेल्या गंजाचा अथवा कळकाचा. तेलकट मळाला फेस अथवा खार लागतो, उरलेल्या दोहोंना आंबट पदार्थ. म्हणूनच राख व लिंबू एकत्र कालवून भांडी घासण्याची जी पद्धत कोठे कोठे दिसते, ती व्यर्थ आहे. खार व आम्ल एकमेकांस मारतात आणि हाती राहते ती केवळ घासण्याची रेव.

प्रथम रिठ्याचा विचार करू. रिठ्याच्या फळाच्या सालीत सॅपोनिन नावाचे द्रव्य असते व तेच पाण्यात फेस आणते. साबणाप्रमाणे ते विहिरीच्या जड पाण्यात फाटत नाही. दख्खनमधील अनेक गावांत विहिरीचे व विंधणविहिरीचे पाणी चुनखडीयुक्त असल्याने साबणाचा चिकट साका कपड्यांवर बसतो. तेथे रिठा विशेष उपयोगी पडतो. पक्व फळे फोडून बी काढून टाकावे व साली उन्हात कडकडीत वाळवून डब्यात भराव्यात. लागेल तेव्हा १०० ग्रॅम साली १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवाव्यात, सकाळी पंधरा-वीस मिनिटे उकळून कुसकराव्यात आणि पाणी फडक्यातून गाळून घ्यावे. हा काढा उन्हाळ्यात दोन दिवसांतच आंबतो. सबब एका वेळी थोडाच करावा. लोकरीचे व रेशमी कपडे खाराने खराब होतात, त्यांना रिठ्याइतके सौम्य दुसरे काही नाही. चांदीचे दागिनेही याने उजळतात. पांढऱ्या सुती कपड्यांवर मात्र पिवळसर झाक राहू शकते, म्हणून ते भरपूर पाण्यात खळबळावेत.

रिठ्याचे पाणी डोळ्यांत गेल्यास फार चुरचुरते. डोळे त्वरित स्वच्छ पाण्याने धुवावेत. तसेच हे पाणी तळ्यात अगर मासे सोडलेल्या शेततळ्यात ओतू नये, कारण सॅपोनिन माशांना मारक आहे. बिया मुलांच्या तोंडी लागू देऊ नयेत.

राखेविषयी आपल्या माताभगिनींना सांगावयास नकोच. लाकूड अथवा गोवरीची पूर्ण जळालेली पांढरट राख चाळून घ्यावी. प्लास्टिक अगर रंगीत कागद जळालेल्या चुलीची राख भांड्यांस लावू नये. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट हा खार असतो व तोच तेलकटपणा काढतो. पण ज्यांना आपण जर्मनची भांडी म्हणतो ती ॲल्युमिनियमची असतात आणि खार ॲल्युमिनियम खातो. त्यांना रिठ्याचे पाणी लावावे. तांब्यापितळेच्या भांड्यांस चिंचेचा कोळ व मीठ चोळून लगेच धुवावे व कोरडे पुसावे. पाणी तापविण्याच्या भांड्यात बसलेला पांढरा थर चुनखडीचा असतो; त्यात कोळ घालून तासभर ठेवल्यास बारीक बुडबुडे येऊन तो सुटतो.

आता दुधाच्या भांड्यांकडे वळू, कारण येथे चुकीची किंमत रोख मोजावी लागते. संकलन केंद्रावर दूध नासले म्हणून परत आल्यास शेतकरी गाईच्या चाऱ्याला दोष देतो; पुष्कळदा दोष कॅनच्या सांध्यात अडकलेल्या कालच्या दुधाचा असतो. दूध ओतताच कॅन प्रथम थंड पाण्याने विसळावा. आरंभीच उकळते पाणी ओतल्यास दुधातील प्रथिने धातूस घट्ट चिकटतात. नंतर कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून ब्रशने झाकण, काठ व सांधे घासावेत. काथ्याने आणि राखेने घासू नये. त्याने पडलेल्या ओरखड्यांत जंतू घर करतात. शेवटी स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुऊन, उकळते पाणी फिरवून कॅन फळीवर उलटा, उन्हात पूर्ण वाळू द्यावा.

धुण्यात कसूर राहिल्यास दुहेरी आपत्ती येते. चिंचेचा अंश राहिला तर दूध फाटते. सोड्याचा अगर राखेचा अंश राहिला, तर केंद्रावरील तपासणीत दुधात सोडा मिसळल्याचा संशय येतो आणि प्रामाणिक माणसावर भेसळीचा आळ येतो.

वरील पदार्थ मळ काढतात, जंतू मारतीलच असे नाही. शौचानंतर व धार काढण्यापूर्वी हात साबणानेच धुवावेत. आजारी माणसाचे कपडे उकळून घ्यावेत. गोठ्यात ब्लीचिंग पावडर वापरणे असल्यास तिच्यात चिंच, लिंबू अगर शौचालय धुण्याचे ॲसिड कधीही मिसळू नये. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू सुटतो व बंद जागेत तो प्राणघातक ठरू शकतो.

कार्यकर्त्यांनी हे विषय भाषणातून सांगण्यापेक्षा गावातील जड पाण्याची एक बादली घेऊन, एकीकडे साबण व दुसरीकडे रिठा अशी दोन फडकी स्त्रियांसमोर धुऊन दाखवावीत. रिठ्याचे झाड मंद वाढते व फळास काही वर्षे लागतात. तेव्हा बांधावर रोपे लावावयाची असल्यास ती येत्या पावसाळ्याच्या आरंभीच लावावीत.