बांडगूळ: झाडावरचं आणि माणसांतलं

पुढाऱ्यामागे फिरणाऱ्या, दुसऱ्याच्या जिवावर पोसलेल्या माणसाला परभणीकडे काय म्हणतात? बांडगूळ! हा शब्द झाडावरून उतरून माणसाला चिकटला. ग्रीकांच्या ‘पारासितोस’चा प्रवास मात्र नेमका उलटा. ‘पारा’ म्हणजे शेजारी, ‘सितोस’ म्हणजे धान्य, अन्न. आधी तो श्रीमंताच्या पंगतीला जाऊन बसणारा, ग्रीक नाटकांतला ठरलेला आयतोबा होता. वनस्पतींना आणि किड्यांना हे नाव कितीतरी नंतर मिळालं.

मे महिन्यात परभणीत पारा बेचाळिशीपार जातो, तेव्हा बांधावरचा जुना आंबा निरखून पाहा. एखाद्या फांदीवर भलत्याच रंगाच्या, जाडसर पानांचा झुबका दिसेल आणि त्याच्या बुडाशी फुगलेली गाठ. हेच ते बांडगूळ.

ते तिथं चढलं कसं? फुलटोच्या नावाचा जेमतेम आठ सेंटिमीटरचा पक्षी त्याची फळं खातो. बी इतकं चिकट, की विष्ठेतून पडतानाही सुटत नाही. पक्ष्याला बूड फांदीवर घासावं लागतं. झाली पेरणी! पक्षीशास्त्रज्ञ सलीम अलींनी १९३१ साली कोकणातल्या निरीक्षणांवरून फुलटोचे, शिंजीर आणि बांडगूळ यांच्या नात्यावर निबंध लिहिला होता. बांडगुळाची पिकलेली कळी फुलटोच्याने चोचीत दाबली की ती फटकन उघडते. म्हणजे फूल उघडायला तोच आणि बी पेरायलाही तोच.

बी रुजतं, पण मातीत मूळ धाडत नाही. साल भेदून ते थेट झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांना जाऊन भिडतं. शिवाय पानांतून भरपूर पाणी उडवत राहतं, त्यामुळे त्याची ओढ यजमान फांदीपेक्षा जबर. गाठीपुढची फांदी हळूहळू वाळते, बांडगूळ हिरवंगार.

त्या हिरवेपणामुळेच मला ही शिवी थोडी अन्यायाची वाटते. बांडगूळ पाणी आणि क्षार झाडाकडून घेतं, पण बरंचसं अन्न उन्हात स्वतः रांधतं. पूर्ण आयतं जगते ती अमरवेल: पिवळी, पानं नसलेली, जमिनीशी नातं तोडलेली.

आंबा वाचवायचा तर फळं धरायच्या आत गाठीच्या खालून फांदी कापावी. नुसता पाला ओरबाडला तर सालीखाली उरलेल्या भागातून ते पुन्हा फुटतं.