गाडी सिग्नलला बंद पडते? थ्रॉटल सेन्सर बदलण्याआधी हे तपासा

एक्सलेटर सोडला की गाडी फडफडते आणि बंद पडते. जळगाव-धुळे महामार्गावर वळताना मागे ट्रक असेल, तर हा बिघाड जिवावर बेतू शकतो. अशा वेळी पहिला संशय थ्रॉटल सेन्सरवर जातो. मात्र काही मॉडेल्समध्ये हा सेन्सर सुटा मिळत नाही, पूर्ण थ्रॉटल बॉडीच घ्यावी लागते. त्यामुळे निदान चुकले तर खिशाला मोठी कात्री लागते.

सेन्सर काय करतो?

१ एप्रिल २०२०पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि बहुतेक मोटारसायकलींतून कार्बोरेटर गेला. आता पेट्रोल किती सोडायचे हे ईसीयू ठरवतो. एक्सलेटर किती पिळला, हे त्याला थ्रॉटल सेन्सर सांगतो. साधारणपणे थ्रॉटल बंद असताना सेन्सर अर्ध्या व्होल्टच्या आसपास सिग्नल देतो. पूर्ण पिळल्यावर तो चार व्होल्टच्या वर जातो. हा सिग्नल मध्येच तुटला की गाडी झटके देते.

दोष कुठे असू शकतो?

गाडी पळताना व्यवस्थित, पण फक्त स्लोला बंद पडत असेल तर आधी हवेच्या मार्गातला कचरा किंवा कार्बन तपासावा. ठरावीक ठिकाणी एक्सलेटर धरल्यावर झटके बसत असतील आणि मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा लागत असेल, तर सेन्सर किंवा त्याच्या वायरिंगवर संशय घ्यावा.

घरीच काय तपासाल?

• एअर फिल्टर : खान्देशातल्या शेतरस्त्यांच्या धुळीत तो लवकर चोंदतो. तेलाचा थर असलेला कागदी फिल्टर हवा मारून साफ करू नका, बदला.
• एक्सलेटर केबल : गाडी न्यूट्रलला चालू ठेवून हँडल दोन्ही बाजूंना वळवा. रेस वाढली तर केबल ताणली जाते आहे.
• बॅटरी : इंजिन बंद असताना १२.४ व्होल्टपेक्षा कमी भरत असेल तर आधी चार्ज करा.
• कनेक्टर : गाडी धुतल्यानंतर त्रास सुरू झाला असेल, तर चावी बंद करून सेन्सरचा कनेक्टर काढा. ओल किंवा हिरवा गंज दिसतो का, ते बघा.
• इनटेकचा रबर : त्याला चीर गेली तर जादा हवा शिरते आणि रेस वर-खाली होते.

हे करू नका

थ्रॉटल बॉडीवरचा कंपनीने रंग लावून बंद केलेला स्क्रू फिरवू नका. सेन्सरचे स्क्रूही सैल करू नका. स्लो तात्पुरता सुधारतो, पण ईसीयूचा हिशेब बिघडतो.

गॅरेजमध्ये काय विचाराल?

स्कॅनर लावून सेन्सरचे रीडिंग दाखवायला सांगा. एक्सलेटर हळूहळू पिळताना आकडा सलग वाढला पाहिजे. तो उडी मारत असेल किंवा मध्येच शून्यावर येत असेल, तर आधी वायरिंग तपासून घ्या. ती ठीक निघाली तरच सेन्सर बदला. थ्रॉटल बॉडी साफ केल्यावर काही मॉडेल्समध्ये स्लोचे सेटिंग स्कॅनरवर पुन्हा करावे लागते, तेही करून घ्या.

एक्सलेटर सोडूनही रेस खाली येत नसेल, तर क्लच दाबा, किल स्विच बंद करा आणि गाडी रस्त्याच्या कडेला घ्या. दुरुस्ती होईपर्यंत ती चालवू नका.