बाप गातो, लेकी झील धरतात

परळला आमच्या चाळीत १४ एप्रिलच्या आधी महिनाभर गायन पार्टीची तालीम चालते. पेटी, ढोलकी, एक मुख्य गायक आणि मागे चार झीलकरी. यंदा तालमीच्या वेळी शेजारच्या कॉलेजातल्या मुलाने मोबाईलवर एक इंग्रजी गाणे लावले आणि म्हणाला, "काका, हे आपल्यासारखंच वाटतं ना?"

गाणे होते अमेरिकेतल्या स्टेपल सिंगर्स या कृष्णवर्णीय कुटुंबाचे, १९७२ साली निघालेल्या 'बी अल्टिट्यूड : रिस्पेक्ट युवरसेल्फ' या तबकडीतले. रिस्पेक्ट युवरसेल्फ म्हणजे स्वतःचा मान राखा. चर्चमधल्या भजनाच्या ढंगात रोजच्या जगण्याची गाणी म्हणायची, त्याला तिकडे सोल संगीत म्हणतात.

बापाचे नाव रोबक स्टेपल्स, सगळे त्याला पॉप्स म्हणत. मिसिसिपीत गोऱ्यांच्या कापसाच्या मळ्यावर राबून तो वाढला. पुढे शिकागोला आला आणि तिथे कत्तलखान्यात काम धरले. संध्याकाळी मुलांना जमिनीवर गोल बसवून प्रत्येकाचा सूर तो ठरवून देई. १९४८ पासून ही मंडळी चर्चमधून गाऊ लागली. या तबकडीत बापासोबत क्लिओथा, इव्हॉन आणि मेव्हिस या तीन लेकी आहेत. मेव्हिसचा आवाज खोल, जाड. ती ओळ टाकते, बहिणी झील धरतात. गंमत अशी, की साथीचे वादक बहुतेक गोरे, आणि तेही अलाबामातले!

त्यातले 'आय विल टेक यू देअर' जून १९७२ मध्ये अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिले आले. आम्हाला मात्र मान राखण्याचे गाणे जास्त भिडले. ते तोंड झाकून अत्याचार करणाऱ्या गोऱ्यांना सुनावते. पण आपल्या माणसांनाही सोडत नाही. खोकताना तोंडावर हात धरा, इथपर्यंत सांगते. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी आपल्या आयाबहिणींना राहणीबद्दल सांगितले होते, त्याची आम्हाला आठवण झाली. घरचे माणूसच असे बोलू शकते.

त्याच १९७२ च्या मे महिन्यात मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलेले. नाव आले, पण ही गाणी आमच्या घरापर्यंत यायला पन्नास वर्षे लागली. तिकडे ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसच्या स्टेडियमवर याच कुटुंबाने सुमारे लाखभर लोकांपुढे गायिले. तिकीट होते एक डॉलर, मजुरालाही परवडेल असे.

एक कबुली देतो. बी. कॉम.ला असताना वर्गातली मुले आमच्या गाण्यांना 'भोंग्यावरची गाणी' म्हणून हसत. आम्हीही त्यांच्याबरोबर हसलो. जयंतीच्या रात्री वडील झील धरायला उभे असत आणि आम्ही मित्रांना चाळीकडे येऊ देत नसू. वडील गेले. त्यांच्या आवाजाची एकही कॅसेट आमच्याकडे नाही.

त्या दिवशी ते गाणे तीनदा लावायला लागले. तिसऱ्या वेळी आमच्या पार्टीतल्या सर्वांत जुन्या झीलकरी मावशींनी डोळे मिटले आणि शब्द न कळता बरोबर जागेवर सूर लावला. मुलाने तेवढे मोबाईलमध्ये भरून घेतले.