जँगोचा कारभार

घर बांधणारा गवंडी विटा स्वतः भाजीत नाही, की दारे-खिडक्या स्वतः घडवीत नाही. तयार विटा व तयार चौकटी आणून तो आपले सारे लक्ष घराच्या बांधणीकडे देतो. संकेतस्थळ उभारणाऱ्यांचेही असेच आहे. संकेतस्थळ शाळेचे असो वा वर्तमानपत्राचे, काही कामे सर्वत्र सारखीच असतात. आलेल्या माणसाची ओळख पटविणे, माहिती नीट साठवून ठेवणे, मागितलेले पान त्याच्यापुढे मांडणे, ही ती कामे होत. संगणकाला द्यावयाच्या या कामांच्या आज्ञा दर वेळी नव्याने लिहाव्या लागू नयेत, म्हणून त्या एकदाच रचून ठेवतात. अशा रचनेला आज्ञावलीची चौकट म्हणतात. 'जँगो' ही अशीच एक चौकट आहे. तिचा उपयोग जगभर होतो. पण तिला कोणी एक धनी नाही. मग तिचा कारभार चालतो तरी कसा?

अमेरिकेत कॅन्सास राज्यात लॉरेन्स नावाचे शहर आहे. तेथील 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' या वर्तमानपत्राच्या संकेतस्थळाचे काम २००३ साली अ‍ॅड्रियन होलोव्हाटी व सायमन विलिसन हे दोन तरुण पाहत असत. बातमी कोणासाठी थांबत नाही. त्यामुळे सांगितलेले काम कधी दोन दिवसांत, तर कधी काही तासांतच पुरे करावे लागे. या घाईतूनच त्यांना चौकटीची कल्पना सुचली. पुढे जेकब कॅपलन-मॉस त्यांना येऊन मिळाले. जँगो राइनहार्ट नावाचे एक थोर गिटारवादक होऊन गेले. आगीत भाजून डाव्या हाताची दोन बोटे अधू झाली असताही त्यांनी आपली कला सोडली नाही. त्यांचेच नाव या चौकटीला देण्यात आले.

जुलै २००५ मध्ये ही चौकट जगासाठी खुली करण्यात आली. तिच्या परवान्याचा अर्थ थोडक्यात असा : कोणीही ही आज्ञावली वाचावी, वापरावी, तीत बदल करावा, वाटल्यास विकावी, मात्र मूळ कर्त्यांचा हक्क सांगणारा मजकूर व परवाना तिच्याबरोबर ठेवावा. ज्या आज्ञावलीचे मूळ लेखन असे सर्वांपुढे मोकळे असते, तिला मुक्तस्रोत आज्ञावली म्हणतात.

येथे एक अडचण उभी राहते. आपल्या घरी नेलेल्या प्रतीत प्रत्येकाने हवा तो बदल करावा, हे ठीक. परंतु सर्वांच्या सामाईक प्रतीत जो तो मनास येईल तसा बदल करू लागला, तर चार दिवसांत सारी चौकट मोडून पडेल. म्हणून बदल सुचविण्याचा अधिकार सर्वांना आहे, पण सुचविलेला बदल ठरलेल्या वाटेनेच आत येतो.

समजा, एखाद्याला चौकटीत एक दोष आढळला. तो प्रथम सार्वजनिक नोंदवहीत त्याची नोंद करतो. दोष खरोखर आहे की नाही, हे दुसरे कोणी पडताळून पाहते. मग कोणीतरी दुरुस्ती लिहिते. नुसती दुरुस्ती पुरत नाही. ती बरोबर आहे हे दाखविणारी चाचणी जोडावी लागते, आणि वापरण्याची रीत बदलली असेल तर तेही लिहून द्यावे लागते. पूर्वीच्या हजारो चाचण्याही पुन्हा घेतल्या जातात, कारण एक भोक बुजविताना दुसरे पडलेले चालत नाही. शिवाय आपल्या कामाला आपणच पसंती द्यावयाची नाही, असा दंडक आहे. दुसऱ्याने तपासल्यावरच ज्यांच्याकडे ते काम सोपविलेले असते, ते लोक दुरुस्ती सामाईक प्रतीत घालतात. मोठा बदल असेल, तर त्याची कारणे, फायदे व तोटे लिहून प्रस्ताव मांडावा लागतो आणि त्यावर उघड चर्चा होते.

एकाच गोष्टीत ही उघड रीत सोडून दिली आहे. चोराला आत शिरता येईल असा दोष सापडला, तर तो चारचौघांत सांगावयाचा नाही, मोजक्या जबाबदार व्यक्तींनाच कळवावयाचा. दुरुस्ती तयार झाली, की मगच तो जाहीर होतो.

प्रारंभीची काही वर्षे मतभेद झाल्यास होलोव्हाटी व कॅपलन-मॉस यांचा शब्द अखेरचा मानला जाई. २००८ मध्ये देणग्या स्वीकारण्यासाठी व जँगोचे नाव राखण्यासाठी एक संस्था स्थापन झाली. पण कोणती आज्ञा घ्यावी वा टाकावी, यात ती हात घालीत नाही. २०१४ साली त्या दोघांनी अखेरच्या शब्दाचा अधिकार आपण होऊन सोडला. कोणी त्यांना दूर केले नव्हते. ज्यांच्या हातून आता रोजचे काम होत होते, त्यांच्याच हाती निर्णय असावा, असा त्यांचा विचार होता. त्यानंतर अवघड प्रश्नांच्या निकालासाठी पाच जणांचे निवडलेले मंडळ आले. त्यालाच पुढे सुकाणू परिषद हे नाव मिळाले. नोंदी तपासण्याचे कंटाळवाणे काम कोणी आपण होऊन फारसे करीत नाही. म्हणून त्याच वर्षापासून देणग्यांतून वेतन देऊन त्यासाठी माणूस नेमण्याची प्रथा पडली.

तरीही 'मुख्य गट' म्हणून काही सभासदांचा वेगळा मान उरला होता. त्यांतील थोडेच जण प्रत्यक्ष काम करीत, आणि नवी माणसे त्या मानाकडे पाहून बिचकत. २०२० मध्ये तो गटच विसर्जित करण्यात आला. मानाची जागा गेली, कामाच्या जागा राहिल्या.

चौकटीत सुधारणा होत राहतात, तरी तिच्यावर विसंबलेल्यांची गैरसोय होऊ दिली जात नाही. जुना पूल पाडावयाचा असेल, तर आधी फलक लावून लोकांना सावध करतात. तसेच एखादी जुनी आज्ञा काढून टाकण्यापूर्वी निदान दोन आवृत्त्यांपर्यंत ती चालू ठेवतात आणि वापरणाऱ्याला इशारा देत राहतात. सुमारे आठ महिन्यांनी नवी आवृत्ती काढावी आणि ठराविक आवृत्त्यांची तीन वर्षे काळजी घ्यावी, असे २०१५ साली ठरले.

इतके करूनही एखाद्याला निर्णय पटला नाही तर? तर तो सारी आज्ञावली उचलून दुसरीकडे नवा संसार मांडू शकतो. परवान्याने त्याला तशी मोकळीक दिली आहे. म्हणून येथे कोणाला कोणावर जबरदस्ती करता येत नाही. निर्णय देणाऱ्याला कारणे सांगून लोकांची मने वळवावी लागतात. 'गाव करी ते राव काय करी' ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरते.

जँगोमधील सूचना अनेक भाषांत वाचता येतात, आणि त्या भाषांच्या यादीत मराठीही आहे. निरनिराळ्या देशांतील माणसे विनामोबदला ही भाषांतरे करतात. एखादा शब्द चुकीचा वाटला, तर तो सुधारून सुचविण्यास कोणाची ओळख लागत नाही, की पदवी लागत नाही. सुचविलेला शब्द मात्र दुसऱ्या कोणी तपासलेला असावा लागतो.