फवारणी पंपाचा स्पार्क प्लग केव्हा बदलावा?

खरीप हंगामात पाऊस उघडला की फवारणीसाठी जेमतेम दोन-तीन तास मिळतात. शेतकरी औषध कालवून तयार ठेवतो, पॉवर पंपाची दोरी ओढतो आणि इंजिन काही केल्या सुरू होत नाही. दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो, पेट्रोलचा वास सुटतो, तोवर पुन्हा आभाळ भरून येते. कालवलेले औषध दुसऱ्या दिवसावर टाकता येत नाही आणि मिस्त्री तालुक्याच्या गावी. अशा वेळी पुष्कळदा दोष निघतो तो अंगठ्याएवढ्या स्पार्क प्लगमध्ये. साधा प्लग शंभर-सव्वाशे रुपयांच्या आसपास मिळतो. त्याच्यापायी फवारणी चुकणे परवडणारे नाही.

अलीकडे अनेक बागायतदारांच्या दारात मोठी चारचाकी गाडी असते. ती ठरलेल्या किलोमीटरला न चुकता सर्व्हिसिंगला जाते. पंपाचा प्लग मात्र इंजिन बंद पडल्याखेरीज कोणी पाहत नाही. शिवारफेरीत एक प्रश्न हमखास निघतो : गाडीचा प्लग तीस-चाळीस हजार किलोमीटर टिकतो, मग पंपाचा दोन हंगामांत का जातो? दुकानदाराने खोटा माल दिला का? खोटा माल बाजारात असतो हे खरे, पण येथे कारण वेगळे आहे.

ठिणग्यांचा हिशोब

प्लग किलोमीटरने झिजत नाही, ठिणग्यांनी झिजतो. पाठीवरच्या टू-स्ट्रोक पंपाचे इंजिन पूर्ण वेगात मिनिटाला ७००० फेरे घेते असे धरू. टू-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक फेऱ्याला एक ठिणगी पडते. म्हणजे मिनिटाला ७००० आणि तासाला ४ लाख २० हजार ठिणग्या. १०० तासांत हा आकडा ४ कोटी २० लाखांवर जातो.

आता गाडी पाहू. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाताना गाडीचे पेट्रोल इंजिन मिनिटाला सुमारे २४०० फेरे घेते असे मानले, तर फोर-स्ट्रोक असल्यामुळे प्रत्येक प्लगला दोन फेऱ्यांमागे एक, म्हणजे मिनिटाला १२०० ठिणग्या पडतात. तेवढ्या वेळात गाडी एक किलोमीटर जाते. या हिशोबाने पंपाचे १०० तास म्हणजे गाडीचे ३५ हजार किलोमीटर. पंपाचा प्लग लवकर जात नाही, आपण त्याचे तास मोजत नाही एवढेच.

पंप, पॉवर वीडर किंवा गवत कापण्याचे यंत्र यांपैकी लहान फोर-स्ट्रोक इंजिन असले तरी फार फरक पडत नाही. अशा बहुतेक इंजिनांच्या मॅग्नेटोची रचना अशी असते की प्रत्येक फेऱ्याला ठिणगी पडते. त्यातली निम्मी वाया जाते, पण प्लगची झीज चालूच राहते.

किती तासांनी बदलावा?

यंत्रासोबत मिळालेल्या पुस्तिकेतील आकडा पहिला मानावा. पुस्तिका हरवली असल्यास सर्वसाधारणपणे टू-स्ट्रोक पंप व ग्रास कटर यांचा प्लग १०० तासांनी बदलावा. ५ ते ७ अश्वशक्तीच्या फोर-स्ट्रोक इंजिनाचा प्लग १०० तासांनी तपासावा आणि ३०० तासांनी किंवा वर्षाने, जे आधी येईल तेव्हा, बदलावा.

लहान यंत्रांना तास मोजणारे मीटर बहुधा नसते. त्याला सोपा उपाय आहे. पूर्ण भरलेली पेट्रोलची टाकी किती वेळ चालते हे एकदा घड्याळ लावून पाहावे. पुढे फक्त टाक्या मोजाव्यात. औषधांच्या नोंदवहीतच शेवटच्या रकान्यात 'टाकी १', 'टाकी २' असे लिहीत गेले तरी पुरते. पाच एकर कपाशी, हंगामात सहा फवारण्या आणि एकरी दीड तास धरला तर वर्षाला ४५ तास होतात. अशा शेतकऱ्याने दोन हंगामांनंतर प्लग बदलावा. परंतु जो तरुण पंप घेऊन गावात मजुरीने फवारणी करतो आणि दिवसाला सहा तास इंजिन चालवतो, त्याचे १०० तास सतरा दिवसांत भरतात. दोघांचा पंप एकाच दुकानातला, प्लगही एकाच डब्यातला. 'वर्षाला एक प्लग' हा गावात चालणारा नियम त्यामुळे दोघांनाही लागू पडत नाही.

झिजलेला प्लग कसा ओळखावा?

प्लगच्या मधल्या काडीचे टोक आणि तिच्यावर वाकलेली बाहेरची पट्टी यांमधील फटीत ठिणगी पडते. मिस्त्री लोक या फटीला गॅप म्हणतात. लहान इंजिनांत हा गॅप साधारण ०.५ ते ०.८ मि.मी. ठेवलेला असतो. प्रत्येक ठिणगीबरोबर धातूचा अतिसूक्ष्म कण उडतो, मधल्या काडीच्या कडा गोल होतात आणि गॅप वाढत जातो. गॅप वाढला की ठिणगी पडण्यास जास्त दाबाची वीज लागते. दोरी ओढताना इंजिन सावकाश फिरते, त्यामुळे मॅग्नेटोतून वीजही कमी दाबाची निघते. म्हणून झिजलेल्या प्लगची तक्रार प्रथम सकाळी, थंड इंजिन सुरू करताना येते. एकदा सुरू झालेले इंजिन दिवसभर चालते आणि शेतकरी ती तक्रार विसरतो. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. ही खूण लक्षात ठेवावी. याउलट सकाळी पहिल्या-दुसऱ्या दोरीत सुरू होणारे इंजिन तापल्यावर बंद पडत असेल आणि गार होईपर्यंत सुरू होत नसेल, तर प्लगपेक्षा कॉइलचा संशय अधिक घ्यावा.

पुष्कळजण प्लग बाहेर काढून, इंजिनाच्या लोखंडाला टेकवून ठिणगी पाहतात आणि ठिणगी दिसली की प्लग चांगला आहे असे समजतात. ही परीक्षा अपुरी आहे. उघड्या हवेत ठिणगी सहज पडते. सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेतून उडी मारणे तिला कितीतरी अवघड जाते. त्यामुळे बाहेर ठिणगी देणारा प्लग आत निकामी असू शकतो. खात्री करायची तर नवा प्लग लावून पाहावा, आणि त्यासाठी योग्य नंबरचा एक जादा प्लग व प्लगपाना नेहमी पेटीत ठेवावा. तरीही ठिणगी पाहायचीच असेल, तर प्लग भोकापासून दूर धरावा, सांडलेले पेट्रोल आधी पुसून घ्यावे. भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते व ती पेट घेऊ शकते. प्लग लोखंडाला न टेकवता दोरी ओढल्यास कॉइलही खराब होण्याचा संभव असतो.

प्लगचा रंग पाहा

जुना प्लग टाकून नवा बसवला की काम संपले असे मानू नये. काढलेल्या प्लगचे तोंड उजेडात धरून पाहावे. डॉक्टर रोग्याची जीभ पाहतात तसेच हे आहे.

तोंड फिकट तपकिरी किंवा राखी रंगाचे असेल तर इंजिन निरोगी आहे. कोरडी काळी काजळी असेल तर हवेपेक्षा पेट्रोल जास्त जात आहे. चोक लावलेला तसाच राहिला का, हवेच्या गाळणीत धूळ बसली आहे का, हे प्रथम पाहावे. काजळी विजेला आडवाट देते आणि ठिणगी फटीत न पडता काजळीतूनच निघून जाते. अशा इंजिनात नवा प्लगही आठ दिवसांत काळा होतो, आणि दोष मात्र दुकानदाराला दिला जातो.

तोंड ओले व तेलकट असेल तर टू-स्ट्रोक इंजिनात ऑइलचे प्रमाण बहुधा चुकलेले असते. पुस्तिकेत १:२५ लिहिले असल्यास लिटरला ४० मि.लि. आणि १:५० असल्यास २० मि.लि. टू-टी ऑइल घालावे. 'जरा जास्त घातले तर इंजिन टिकते' ही समजूत चुकीची आहे. फोर-स्ट्रोक इंजिनाचा प्लग तेलकट येत असेल तर ऑइल पातळीपेक्षा जास्त भरले आहे किंवा रिंग झिजल्या आहेत.

सर्वांत जास्त घाबरावे ते पांढऱ्याफटक प्लगला. चिनीमातीचा भाग पांढरा पडून त्यावर फोड किंवा वितळलेल्या धातूचे बारीक मणी दिसत असतील, तर इंजिन फार तापत आहे. ऑइल कमी पडणे, कार्बोरेटरचे गॅस्केट फाटून जादा हवा जाणे, सिलिंडरच्या पंखांत गवत व माती अडकणे किंवा प्लग सैल राहणे ही त्याची कारणे असतात. असे इंजिन जोमाने पळते, त्यामुळे चालवणारा खूश असतो. मग एके दिवशी पिस्टन जाम होतो आणि खर्च हजारांवर जातो. पांढरा प्लग दिसल्यास कारण सापडेपर्यंत यंत्र चालवू नये.

पेट्रोलचीही एक गोष्ट येथे सांगणे आवश्यक आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. खरिपातले पेट्रोल टाकीत तसेच ठेवून रब्बीत यंत्र सुरू करायला गेले, की इंजिन रुसते आणि बळी प्लगचा जातो. काम संपल्यावर टाकी रिकामी करावी, इंजिन आपोआप बंद होईपर्यंत चालवून कार्बोरेटरही कोरडा करावा. कालवलेले पेट्रोल-ऑइल महिनाभराहून अधिक ठेवू नये.

नंबर पाहूनच घ्यावा

'पंपाचा प्लग द्या' असे सांगून प्लग घेऊ नये. जुन्या प्लगवरील अक्षरे व आकडा जसेच्या तसे लिहून न्यावेत. आट्यांची जाडी काही प्लगना १४ तर काहींना १० मि.मी. असते. तो फरक डोळ्यांना दिसतो. आट्यांच्या लांबीचा फरक मात्र फसवतो. ९.५, १२.७ आणि १९ मि.मी. अशा लांबीचे प्लग असतात आणि जाडी जुळली की यांतला कोणताही भोकात फिरतो. लांब प्लग बसवल्यास पिस्टन त्यावर आपटू शकतो. आखूड बसवल्यास ठिणगी आत पोचत नाही व उरलेल्या आट्यांत काजळी भरते.

नंबरातील आकडा प्लग किती उष्णता बाहेर टाकतो हे दाखवतो. येथे एक गंमत आहे. एनजीके कंपनीच्या प्लगवर आकडा मोठा म्हणजे प्लग 'थंड', तर बॉशच्या प्लगवर आकडा मोठा म्हणजे प्लग 'गरम'. म्हणून एका कंपनीचा आकडा पाहून दुसऱ्या कंपनीचा प्लग घेणे धोक्याचे आहे. दुकानदाराकडे दोन्हींचे जुळणी कोष्टक असते, ते पाहण्याचा आग्रह धरावा.

काढताना व बसवताना

इंजिन पूर्ण गार होऊ द्यावे. प्लगभोवतीची माती आधी ब्रशने झाडून घ्यावी, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये पडते. नवा प्लग बसवण्यापूर्वी गॅप तपासावा. फीलर गेज नसल्यास हॅकसॉ ब्लेडची पाठीकडची कड उपयोगी पडते. तिची जाडी साधारण ०.६५ मि.मी. असते. गॅप कमी-जास्त करताना बाहेरची पट्टीच हलकेच वाकवावी, मधल्या काडीला हात लावू नये.

प्लग प्रथम हाताने फिरवावा. आटे नीट लागले असतील तर तो बोटांनी तळापर्यंत जातो. अडत असेल तर काढून पुन्हा लावावा. पाना लावून जोर केल्यास ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे जातात. हाताने घट्ट झाल्यावर नवा प्लग पान्याने अर्धा फेरा आवळावा. जुनाच पुन्हा बसवत असल्यास वॉशर आधीच दबलेला असतो, म्हणून पाव फेऱ्यापेक्षा जास्त आवळू नये.

काजळी धरलेला पण न झिजलेला प्लग पितळी ब्रशने साफ करून वापरता येतो. चिनीमातीवर पॉलिश पेपर घासू नये. चरे पडले की तेथे काजळी अधिक धरते. प्लग पेट्रोलमध्ये बुडवून काडी लावण्याची किंवा चुलीत तापवण्याची रीत अनेक गावांत आहे. त्याने चिनीमाती तडकते आणि भाजण्याचा धोका वेगळाच.

फवारणी चालू असताना प्लग काढावा लागला, तर पंप पाठीवरून उतरवून, हात साबणाने धुऊन मगच काम करावे. प्लगवर तोंडाने फुंकर मारण्याची अनेकांना सवय असते. औषधाने माखलेल्या यंत्राच्या बाबतीत ही सवय जिवावर बेतू शकते. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले, हे विसरून चालणार नाही. फुंकर मारण्याऐवजी स्वच्छ कोरड्या फडक्याने पुसावे.

दारातली गाडी

गाडी डिझेलची असेल तर तिला स्पार्क प्लग नसतोच. तिच्यात असतो तो ग्लो प्लग. तो थंड इंजिन सुरू होताना आतली हवा तापवतो. मोठ्या पेट्रोल गाड्यांत हल्ली इरिडियम किंवा प्लॅटिनमच्या टोकाचे प्लग असतात व ते साधारण ८० हजार ते १ लाख किलोमीटर चालतात. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. इरिडियमचे टोक फार बारीक असते, त्याला तारेचा ब्रश लावू नये. काही सहा सिलिंडरच्या इंजिनांत मागच्या रांगेचे प्लग काढण्यासाठी वरचा बराच भाग उतरवावा लागतो आणि मजुरी प्लगच्या किमतीहून अधिक होते. तेव्हा एकदा उघडल्यावर सर्व प्लग एकदमच बदलून घ्यावेत.