पांढऱ्यावर काळंच बरं!

गेल्या वर्षी आपल्या मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाचं वेबपान मी केलं होतं. अमावास्येच्या रात्रीसारखी काळीभोर पार्श्वभूमी, मागे पणत्यांची रांग, वर सोनेरी अक्षरांत 'शुभ दीपावली'. वेळ, पत्ता आणि नावनोंदणीची शेवटची तारीख खाली बारीक, करड्या अक्षरांत. पणत्या उठून दिसाव्यात म्हणून! कौतुकही भरपूर झालं.

तेव्हा सासू-सासरे सहा महिन्यांसाठी आमच्याकडे एडिसनला आले होते. बाबा साताऱ्याला मराठीचे शिक्षक होते. ज्येष्ठांच्या कथावाचनात त्यांना भाग घ्यायचा होता, कथाही निवडून झाली होती. मी पान त्यांच्या फोनवर पाठवलं आणि निर्धास्त झाले. मुदत उलटल्यावर कळलं, त्यांनी नावच दिलं नव्हतं.

"अगं, तारीख दिसलीच नाही मला. डोळे गेले आता माझे," एवढंच म्हणाले. त्यानंतर फोनवर रोजचं वर्तमानपत्र वाचणंही त्यांनी सोडून दिलं. मी त्यांना डोळे तपासायला घेऊन गेले. नंबर किंचित वाढला होता, बाकी वयाच्या मानानं डोळे उत्तम. म्हणजे दोष डोळ्यांचा नव्हता, माझ्या पानाचा होता.

मीही पूर्वी शाळेत शिकवत असे. त्यामुळे पहिला प्रश्न मनात आला तो फळ्याचा. काळ्यावर पांढरं वाचतच तर आपण सगळे शिकलो! पण फळ्यावरची अक्षरं मोठी, खडूची रेघ जाड आणि वर्गात खिडकीतून येणारा लख्ख उजेड. फोनवरची अक्षरं मुंगीएवढी आणि रेघ केसासारखी. फळा आणि फोन यांची बरोबरी होत नाही.

डोळ्यांचं गणितही समजून घेतलं. समोर उजळ पान असलं की बाहुली आकुंचन पावते आणि लहान छिद्रातून चित्र रेखीव उमटतं. काळ्या पानासमोर ती विस्फारते, मग डोळ्यातले बारीकसारीक दोषही जाणवू लागतात. ज्यांच्या चष्म्यात सिलिंड्रिकल नंबर असतो, त्यांना काळ्यावरची पांढरी अक्षरं कडेनं फुटल्यासारखी, पसरल्यासारखी दिसतात. त्यात वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळसर, धूसर होतं आणि आत उजेड कमी पोचतो. करडी अक्षरं मग काळ्यात विरघळूनच जातात.

आपल्या देवनागरीला हा त्रास अंमळ जास्तच. आपला सगळा अर्थ टिंब, रफार आणि वेलांटीवर तोललेला. अक्षर पसरलं की जोडाक्षराचं पोट भरून जातं, अनुस्वार शिरोरेषेला चिकटतो. 'चिंता'ची 'चिता' व्हायला एक टिंब पुरतं!

वेबपानांसाठी एक आंतरराष्ट्रीय मापदंड आहे. पांढऱ्या पानावर शुद्ध काळी अक्षरं असली की उजेड-अंधाराचं प्रमाण 21 ला 1 होतं. साध्या मजकुरासाठी ते निदान 4.5 ला 1 असावं, मोठ्या अक्षरांसाठी 3 ला 1. माझी करडी अक्षरं मोजली तर 3 च्याही आत! सोनेरी शीर्षक छान पास झालं होतं, नापास झाली होती ती नेमकी कामाची माहिती.

काळं पान सर्वस्वी वाईट, असं मात्र नाही. अंधाऱ्या खोलीत ते डोळ्यांवर येत नाही. ओएलईडी पडद्यावर काळा भाग जवळजवळ विझलेलाच असतो, त्यामुळे बॅटरी वाचते. मोतीबिंदू असलेल्या काही जणांना तर काळ्यावरचं पांढरंच सोपं जातं. म्हणून निवड वाचणाऱ्याच्या हाती हवी. ती मी बाबांच्या हातून काढून घेतली होती.

घरी आई-वडील आले असतील तर त्यांचा फोन एकदा हातात घेऊन बघा. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये डार्क थीम चालू असेल तर त्यांना विचारून बदला आणि अक्षरं मोठी करा. पानच काळं असेल तर आयफोनच्या सफारीत 'रीडर' वापरून बरेच लेख साध्या, उजळ पानावर वाचता येतात. आणि मंडळाची आमंत्रणं करणाऱ्यांनो, तारीख-वेळ चित्रात कोंबू नका, फोटोवर मजकूर छापू नका आणि देवनागरीला जाड रेघ व ओळींमध्ये मोकळी जागा द्या. काळं हवंच असेल तर निदान अक्षरं करडी नकोत.

या वर्षीचं पान मी पांढरं ठेवलं, अक्षरं काळी आणि ठसठशीत. पणत्या आहेत, पण कोपऱ्यात. प्रसिद्ध करण्याआधी ते साताऱ्याला बाबांना पाठवलं. त्यांनी फोनवरच ते पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचून दाखवलं. मग म्हणाले, "तिसऱ्या ओळीत वेलांटी चुकली आहे."

ती दुरुस्त केली आहे. सर्वांना दिवाळीच्या शुभेच्छा!